शिट्टी उशिरा, शिक्षा सरसकट : बास्केटबॉलचे पंच आणि स्पर्धा समित्यांना खुले पत्र

प्रति,
स्पर्धांच्या तांत्रिक व शिस्तपालन समित्यांचे सदस्य,
पंच मंडळांचे प्रमुख,
आणि बास्केटबॉलच्या कोर्टवर शिट्टी घेऊन उतरणारे सर्व पंच यांस,

सप्रेम नमस्कार.

मी गेली १८ वर्षे कुमार गटातील मुलांना बास्केटबॉल शिकवते आहे आणि त्याआधी १२ वर्षे स्वतः खेळले आहे. एवढ्या काळात पंचांच्या निर्णयाविषयी मी जाहीरपणे एक ओळही लिहिली नाही. सामना संपला की पंचांशी हस्तांदोलन करायचे, झाले ते मागे टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी सरावाला उभे राहायचे, ही शिस्त मला माझ्या प्रशिक्षकांनी लावली आणि मी ती माझ्या मुलांना लावत आले. ती आज मोडते आहे, कारण मागच्या हंगामातील एका उपांत्य सामन्यानंतर माझ्या संघातल्या एका मुलाने मला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नाही आणि ते देण्याची जबाबदारी आपली आहे, असे मला वाटते.

आधी घडले ते सांगते. दुसऱ्या क्वार्टरपासून प्रतिस्पर्धी संघाचा एक खेळाडू प्रत्येक रिबाउंडच्या, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू पकडण्याच्या, वेळी माझ्या एका मुलाला कोपराने ढोसत होता आणि चेंडू दुसऱ्या टोकाला गेला की त्याच्या कानाशी येऊन काही बोलत होता. ते शब्द मी इथे लिहिणार नाही. त्यांत त्या मुलाच्या आईचा उल्लेख होता, एवढे पुरे. आमच्या कॅप्टनने खेळ थांबलेला असताना दोनदा पंचांकडे जाऊन हे सांगितले. पहिल्या वेळी ‘खेळा, खेळा’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्या वेळी कॅप्टनचा आवाज चढला, आणि पंचांनी दोन्ही हातांनी ‘टी’ची खूण करून त्यालाच टेक्निकल फाऊल, म्हणजे गैरवर्तनाचा फाऊल, दिला. चौथ्या क्वार्टरमध्ये, ४ मिनिटे उरली असताना, आणखी एक कोपर बरगडीत बसले. माझा मुलगा वळला आणि त्याने ठोसा मारला. समोरच्यानेही मारला. आमच्या बेंचवरून दोन राखीव खेळाडू कोर्टमध्ये धावले. त्यांतला एक मुठी आवळून, शिव्या देत गेला; दुसऱ्याने आपल्याच सहकाऱ्याला मागून कंबरेत मिठी घातली आणि ओढत बाजूला आणले. गॅलरीत बसलेल्या एका पालकाच्या मोबाइलवर हे सगळे टिपले गेले आहे.

मारामारी करणारे दोघे आणि आमचे दोन राखीव, असे चौघे बाद झाले. प्रशिक्षक म्हणून माझ्या नावावर एक टेक्निकल चढला. सामना आम्ही हरलो, आणि त्याविषयी माझे काहीही म्हणणे नाही. दुसऱ्या दिवशी समितीचे पत्र आले: चौघांनाही पुढच्या दोन सामन्यांची बंदी, आणि चौघांच्याही नावापुढे एकच कारण, ‘मारामारीत सहभाग’. मिठी घालून सोडवणारा तो मुलगा १६ वर्षांचा आहे. त्याने मला विचारले, ‘मॅडम, मग मी बसून बघायला हवे होते का?’

आता मुद्द्यांकडे येते. कोणाच्याही हेतूविषयी मला शंका नाही. पंचांचे काम किती अवघड आहे ते मी जाणते. सराव सामन्यांत शिट्टी घेऊन मी स्वतः उभी राहिले आहे आणि डोळ्यांदेखत झालेला फाऊल माझ्याकडूनही सुटला आहे. माझी तक्रार नजरचुकीविषयी नाही, सवयीविषयी आहे.

पहिली आणि माझ्या मते सर्वांत मोठी तक्रार टेक्निकल फाऊलच्या वापराची आहे. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांत टेक्निकल हा अंगाला अंग न लागता घडलेल्या गैरवर्तनाचा फाऊल आहे, आणि तो कशाकशासाठी द्यावा याची यादी त्याच कलमात आहे. पंचांशी, टेबलावरील अधिकाऱ्यांशी किंवा प्रतिस्पर्ध्याशी अनादराने वागणे, प्रेक्षकांना चिथावतील असे शब्द किंवा हावभाव, प्रतिस्पर्ध्याला डिवचणे, त्याच्या डोळ्यांसमोर हात हलवून दृष्टी अडवणे, कोणाला लागले नाही तरी कोपरे जोराने फिरवणे, हे सगळे त्या यादीत आहे. म्हणजे पंचांचा मान आणि खेळाडूचा मान नियमाने एकाच ओळीत बसवले आहेत. प्रत्यक्षात काय होते? माझ्या वहीत मी माझ्या संघांच्या प्रत्येक सामन्याची टिपणे ठेवते. दोन्ही बाजूंना मिळालेले जे टेक्निकल त्यांत नोंदले आहेत, ते बहुतेक सगळे पंचांना उलट बोलल्याबद्दल, हात उडवल्याबद्दल, चेंडू आपटल्याबद्दल आहेत. प्रतिस्पर्ध्याला डिवचल्याबद्दल दिलेला टेक्निकल शोधायला मला वही बरीच मागे चाळावी लागली. नियमाने खेळाडूंच्या रक्षणासाठी दिलेली ढाल आपण आपल्याच मानापुरती धरता, असे मी म्हटले तर ते कठोर वाटेल, पण वही तेच सांगते.

मानाच्या बाबतीत हळवे होणे किती टोकाला जाऊ शकते, याचे उदाहरण खेळाच्या इतिहासातच आहे. एप्रिल २००७ मध्ये एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये सॅन अँटोनियो स्पर्स संघाचा टिम डंकन बेंचवर बसून हसतो आहे म्हणून पंच जोई क्रॉफर्ड यांनी त्याला दुसरा टेक्निकल देऊन सामन्याबाहेर काढले. एनबीएने त्यानंतर खुद्द क्रॉफर्ड यांना उरलेल्या हंगामासाठी निलंबित केले. डंकनसारख्या शांत माणसाच्या हसण्यावर शिट्टी वाजू शकते, तर दोन क्वार्टर चाललेल्या आईवरच्या शिव्यांवर का वाजू नये? आवाज कानावर आला नाही, हे उत्तर मी एकदा मान्य करीन. पण कॅप्टन स्वतः येऊन सांगतो तेव्हा निदान कान तिकडे द्यायला काय हरकत आहे? खेळ थांबलेला असताना सभ्यपणे पंचांशी बोलण्याचा अधिकार नियमानेच कॅप्टनला दिला आहे. माझ्या कॅप्टनचा आवाज चढला हे चूक होते, त्याचा टेक्निकल योग्य होता, आणि ते मी त्याला त्याच संध्याकाळी सांगितले. मात्र ज्या गोष्टीसाठी तो आला होता तिची चौकशी त्या टेक्निकलबरोबर संपून गेली, हे योग्य नव्हते.

इशाऱ्याची सोयही नियमांत आहे, आणि ती विसरली जाते. एखाद्या खेळाडूला वर्तनाबद्दल अधिकृत इशारा दिला तर तो त्याच्या प्रशिक्षकालाही कळवायचा असतो, आणि तशाच वागण्यासाठी तो उरलेल्या सामन्यात त्या संघातल्या प्रत्येकाला लागू होतो. किती साधी आणि शहाणी तरतूद आहे ही. पंचांनी समोरच्या प्रशिक्षकांना एवढेच सांगितले असते की तुमच्या खेळाडूचे तोंड आवरा, पुढच्या वेळी टेक्निकल देईन, तर माझी खात्री आहे की त्यांनी त्याला दोन मिनिटे बेंचवर बसवून समज दिली असती. आम्ही प्रशिक्षक तेवढे नक्की करतो, कारण फाऊल आम्हालाही परवडत नाही. टेक्निकलची शिक्षा अवघी एका फ्री थ्रोची, म्हणजे कोणी न अडवता बास्केटवर टाकायच्या एका चेंडूची, आहे, आणि त्यानंतर खेळ जिथे थांबला होता तिथूनच सुरू होतो. इतके हलके औषध हाताशी असताना ते द्यायचे नाही आणि दुखणे वाढले की एकदम शस्त्रक्रिया करायची, हा प्रकार मला अनाकलनीय आहे.

दुसरी तक्रार ‘दोघांनाही सारखेच’ या वृत्तीची. सामन्यानंतर एका पंचांनी मला सौजन्याने सांगितले की टाळी एका हाताने वाजत नाही. टाळी वाजत नसेल. बरगडीत कोपर मात्र एकाच हाताचे बसते. फाऊलच्या सारख्या शिक्षा परस्परांत रद्द करण्याचा नियम मला ठाऊक आहे आणि तो मला पटतो, कारण दोन्ही संघांनी आळीपाळीने फ्री थ्रो टाकत बसण्यापेक्षा खेळ पुढे सरकणे महत्त्वाचे असते. पण तो हिशेब खेळ पुन्हा सुरू करण्यापुरता आहे. शिक्षा परस्परांत रद्द झाल्या म्हणून अपराधही सारखे ठरले, असे नियम कुठेही म्हणत नाही. तो अर्थ समितीने काढला, आणि तोच बंदीच्या पत्रात उतरला.

चिथावणी सहसा पंचांच्या पाठीमागे होते आणि प्रत्युत्तर त्यांच्या डोळ्यांसमोर, हे खेळलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. ९ डिसेंबर १९७७ रोजी एनबीएतील लेकर्स संघाच्या कर्मिट वॉशिंग्टनने ह्यूस्टन रॉकेट्सच्या रूडी टॉमजानोविचला मारलेला ठोसा असाच खेळ पुढे सरकत असताना, चेंडूपासून दूर पडला. टॉमजानोविचच्या चेहऱ्याची हाडे मोडली. वॉशिंग्टनला २६ सामने बाहेर बसावे लागले. पुढच्या हंगामात एनबीएने तिसरा पंच आणून पाहिला, एका हंगामानंतर तो काढून टाकला, आणि १९८८-८९ पासून तो कायमचा आला. कुमार गटाच्या सामन्यांत आजही बहुधा दोनच पंच असतात. दोन माणसांनी दहा जणांवर लक्ष ठेवायचे, तर चेंडूपासून दूर असलेला पंच चेंडूकडेच पाहत राहिला की उरलेले अर्धे कोर्ट मोकळे पडते. हा पंचांच्या प्रशिक्षणाचा विषय आहे आणि त्यावर मंडळांनी अधिक वेळ द्यावा, एवढे सांगून मी पुढे जाते.

तिसरी तक्रार बेंचची, आणि इथे मला प्रामाणिकपणे नियमाची बाजूही मांडली पाहिजे. मारामारी चालू असताना, किंवा ती होईल अशी स्थिती असताना, जो राखीव खेळाडू बेंचची हद्द सोडतो तो बाद होतो. केवळ मुख्य प्रशिक्षक आणि पहिले सहायक प्रशिक्षक पंचांना मदत करण्यासाठी आत जाऊ शकतात, आणि तेही खरोखर मदत करत असतील तरच. हा नियम कडक आहे आणि कडकच असायला हवा. वर उल्लेख केलेल्या १९७७ च्या प्रसंगात टॉमजानोविच भांडण सोडवायलाच धावत आला होता. वॉशिंग्टनला मागून येणारा माणूस दिसला आणि तो हल्ला करायला आला आहे असे समजून त्याने ठोसा मारला. धावत येणाऱ्याच्या मनात काय आहे हे त्या क्षणी कोणालाच कळत नाही, म्हणूनच राखीव खेळाडूंनी जागेवरून हलू नये. माझ्या दोन्ही मुलांना त्या सामन्यातून बाद केले याबद्दल मी तक्रार करत नाही. पंचांना तिथे पर्यायच नव्हता.

पर्याय समितीला होता. सामन्यातून बाद करणे हा नियमाचा भाग. त्यानंतरची बंदी हा समितीचा स्वतंत्र निर्णय. मुख्य पंचांनी प्रत्येक डिसक्वालिफाइंग, म्हणजे खेळाडूला बाद करणाऱ्या, फाऊलचा अहवाल आयोजकांना द्यायचा असतो तो याचसाठी, की शिट्टीच्या क्षणी न दिसलेला फरक नंतर शांतपणे पाहता यावा. हा फरक न पाहता आपोआप शिक्षा लावली की काय होते, ते २००७ च्या एनबीए प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, दिसले. स्पर्सच्या रॉबर्ट होरीने फिनिक्स सन्सच्या स्टीव्ह नॅशला कंबरेने ढकलून टेबलावर आपटवले. नॅशकडे जायला म्हणून आमारे स्टूडमायर आणि बोरिस डिआव बेंचवरून उठले, काही पावले पुढे गेले आणि परत आणले गेले. त्यांनी कोणालाही हात लावला नव्हता. दोघांनाही एकेका सामन्याची बंदी आली. होरीला दोन सामन्यांची आली खरी, पण पुढचा सामना सन्सला आपल्या दोन महत्त्वाच्या खेळाडूंवाचून खेळावा लागला. तो ते हरले आणि मालिकाही गमावली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते अगदी तसे नव्हे, चोरालाही शिक्षा झालीच; पण संन्याशाची किंमत जास्त मोजली गेली.

उलट, शिक्षेत प्रतवारी करता येते याचेही दाखले भरपूर आहेत. १९ नोव्हेंबर २००४ रोजी एनबीएतील पेसर्स आणि पिस्टन्स यांच्या सामन्यात जी मारामारी प्रेक्षकांपर्यंत गेली, तिच्यासाठी रॉन आर्टेस्टला एकूण ८६ सामने, स्टीव्हन जॅक्सनला ३०, बेन वॉलेसला ६ आणि रेजी मिलरसह काहींना केवळ एक सामना अशी बंदी लागली. २ जुलै २०१८ रोजी फिलिपिन्स आणि ऑस्ट्रेलिया यांच्या विश्वचषक पात्रता सामन्यात तिसऱ्या क्वार्टरमध्ये एका धक्क्याला कोपराने उत्तर मिळाले आणि बेंच रिकामे झाले. १३ खेळाडू बाद झाले, फिलिपिन्सकडे तिघेच उरले आणि अखेर खेळता येईल एवढे खेळाडू न राहिल्याने ८९-५३ वर सामना संपवावा लागला. इतक्या गोंधळातूनही फिबाने चित्रण पाहून एकट्या ऑस्ट्रेलियाच्या तिघांना वेगवेगळी शिक्षा दिली: डॅनियल किकर्टला ५ सामने, थॉन मेकरला ३, ख्रिस गोल्डिंगला १. शिवाय त्या सामन्याच्या पंचांनाही वर्षभर आपल्या सामन्यांपासून दूर ठेवले. तेरा जणांच्या झोंबाझोंबीत कोणी काय केले हे ठरवता येते, तर आमच्या चौघांत ते ठरवता येऊ नये, हे मला पटत नाही.

मोठ्या सामन्यांत हिंसक प्रसंगात कोण सामील होते ते ओळखण्यासाठी पंचांना चित्रण पाहण्याची मुभा आहे. आमच्या सामन्यांत ती यंत्रणा नसते, आणि तिचा आग्रहही मी धरत नाही. पण दुसऱ्या दिवशी बंदी ठरवायला बसलेल्या समितीला मोबाइलवरील दहा सेकंदांचे चित्रण पाहायला कोणती यंत्रणा लागते? मी ते दाखवण्याची तयारी लेखी कळवली होती. अहवालावर निर्णय झाला आहे, एवढेच उत्तर आले. तो अहवाल मी मागून घेतला. त्यात चार क्रमांक होते आणि एक वाक्य. कोण आधी, कोण नंतर, कोणी मारले, कोणी आवरले, यांतले काहीही नव्हते. दुसऱ्या क्वार्टरपासून कॅप्टनने केलेल्या तक्रारींचा तर उल्लेखही नव्हता. त्यामुळे कागदावर ती मारामारी चौथ्या क्वार्टरमध्ये आकाशातून पडली.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

पंच मंडळांनी आपल्या पंचांना स्पष्ट सूचना द्यावी की प्रतिस्पर्ध्याला डिवचण्याचा टेक्निकल हा पंचांना उलट बोलण्याच्या टेक्निकलइतकाच तातडीने द्यायचा आहे, आणि पंचांचे मूल्यमापन करताना या दोहोंचा वापर शेजारी शेजारी ठेवून तपासावा. कॅप्टनने डिवचण्याची किंवा चेंडूपासून दूर होणाऱ्या धक्काबुक्कीची तक्रार केली तर दोन्ही पंचांनी ती आपसांत सांगावी आणि पुढच्या काही मिनिटांत त्या जोडीवर एकाने नजर ठेवावी. इशारा दिला असेल तर तो त्या प्रशिक्षकांपर्यंत पोहोचवावा.

डिसक्वालिफाइंग फाऊलच्या अहवालात प्रत्येक व्यक्तीसाठी स्वतंत्र परिच्छेद असावा. तिने नेमके काय करताना पंचांनी पाहिले आणि काय पाहिले नाही, हे त्यात लिहावे. ‘पाहिले नाही’ असे लिहिण्यात पंचांना कमीपणा वाटू नये, आणि समितीनेही तो मानू नये.

बेंच सोडल्याबद्दल सामन्यातून बाद करण्याचा नियम जसाच्या तसा राहू द्या. पुढची बंदी मात्र मारणाऱ्याला, चिथावणाऱ्याला आणि आवरणाऱ्याला वेगवेगळी असावी, आणि ज्याने केवळ आवरले हे सिद्ध होते त्याला त्या सामन्यापलीकडे शिक्षा नसावी. बंदी ठरवण्यापूर्वी खेळाडूचे म्हणणे, निदान त्याच्या प्रशिक्षकामार्फत, ऐकले जावे आणि उपलब्ध चित्रण पाहिले जावे. सामन्याचा निकाल बदलण्याची मागणी यातून कोणी करू नये, आणि केलीच तर ती आपण सरळ फेटाळावी. त्यात मी आपल्या बाजूने उभी राहीन.

आम्हा प्रशिक्षकांकडूनही काही अपेक्षा असतील तर त्या जरूर कळवाव्यात. त्या सामन्यानंतर मी सरावात एक गोष्ट सुरू केली आहे: कोर्टवर काहीही झाले तरी राखीव खेळाडूंनी खुर्चीची कड दोन्ही हातांनी धरून बसायचे. मुलांना ते सुरुवातीला हास्यास्पद वाटले. आता तो १६ वर्षांचा मुलगाही खुर्ची धरून बसतो. मला ते बघवत नाही, पण नियम तसा आहे आणि मी तो शिकवते.

त्याची दोन सामन्यांची बंदी केव्हाच भोगून झाली आहे, ती परत मिळणार नाही. त्याच्या नावापुढे ‘मारामारीत सहभाग’ हे शब्द मात्र अजून समितीच्या दफ्तरात आहेत. ते काढून तिथे ‘बेंचची हद्द सोडली’ असे, म्हणजे जे खरोखर घडले तेवढेच, लिहावे. चित्रण माझ्याकडे आहे. समिती सांगेल त्या दिवशी, सांगेल त्या वेळी मी ते घेऊन हजर राहीन.

आपली,
कुमार गटाची एक प्रशिक्षक